घटकाभर थांबणारें बटण

विजेच्या घंटेचें बटण आपण दाबतों तेव्हां घंटा वाजूं लागते, आणि बोट उचललें कीं ती थांबते. दिव्याचें बटण याहून निराळें. तें एकदां खालीं केलें म्हणजे कोणी वर करीपर्यंत तसेंच राहतें. पहिल्यास स्मरण मुळींच नाहीं. दुसऱ्यास स्मरण आहे, पण काळाचें भान नाहीं. या दोहोंच्या मधलें, म्हणजे बोट उचलल्यावरहि कांहीं वेळ काम चालू ठेवणारें व नंतर आपण होऊन तें बंद करणारें, असें बटण पुष्कळ ठिकाणीं हवें असतें. जिन्यावरचा दिवा हें त्याचें सर्वांत घरगुती उदाहरण होय. मनुष्य खालीं बटण दाबतो, वर पोंचतो, कुलूप काढून घरांत जातो. मग दिवा मालवण्यासाठीं पुन्हां खालीं कोण येणार? एका मजल्याचा जिना असेल तर दोन टोकांस दोन बटणें बसवून हें काम भागतें. परंतु चार मजले आणि सोळा बिऱ्हाडें असलीं म्हणजे दिवा सर्वांचा होतो, आणि मालवण्याचें काम कोणाचेंच राहत नाहीं.

आमच्या दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं विज्ञानप्रदर्शनासाठीं असें एक बटण बाजारांत शोधण्याचें मनावर घेतलें. दुकानदारानें 'कसला टायमर?' असें विचारलें. मुलांनीं 'थोडा वेळ थांबणारा' असें सांगितलें. आणि जें यंत्र घेऊन तीं परत आलीं तें बटण दाबल्यावर दहा सेकंद स्वस्थ बसून मग दिवा लावी! दुकानदाराचा यांत कांहीं दोष नव्हता. 'थोडा वेळ थांबणें' याचे अर्थच दोन होतात. एक उशीरां लागणें, दुसरा उशीरां मालवणें. उशीरां लागणाऱ्या यंत्राचेंहि जगांत काम असतें. घरोघरीं फ्रीजला जोडलेला स्टॅबिलायझर गेलेली वीज परत आल्यावर कांहीं मिनिटें प्रवाह पुढें जाऊं देत नाहीं, याचें कारण हेंच कीं, आंतील दाब उतरण्यापूर्वीं कॉम्प्रेसर पुन्हां सुरू झाला तर त्याच्यावर ताण पडतो. तेव्हां अशी वस्तु विकत घ्यावयाची तर पहिल्यानें स्वतःशींच ठरवावें कीं, आपल्यास विलंब आरंभीं हवा कीं शेवटीं. आपला आजचा विषय शेवटच्या विलंबाचा आहे.

आतां मूळ प्रश्न असा कीं, बोट उचलल्यावर बोटाच्या जागीं थांबतो कोण?

'घटकाभर थांबा' असें आपण सहज म्हणतों. ती घटका मोजण्याचें जुनें साधन ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस या प्रश्नाचें उत्तर निम्में ठाऊकच आहे. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत, तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडीत. छिद्रांतून पाणी हळूहळू आंत येई, वाटी जड होत जाई, आणि अखेरीस ती बुडे. बुडण्यास लागणारा वेळ ती घटका. अशा ६० घटका मिळून एक अहोरात्र होतो, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. पूर्वीं लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं हें घटिकापात्र मांडीत. 'त्याची घटका भरली' असें आपण म्हणतों त्याचा अर्थहि ही बुडणारी वाटी डोळ्यांपुढें आणली म्हणजे चांगला उमजतो.

ह्या साध्या वाटींत तीन गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्यांनीं त्या नीट ध्यानांत ठेवाव्या. कारण पुढें येणाऱ्या प्रत्येक यंत्रांत त्याच तीन गोष्टी वेष पालटून भेटणार आहेत. एक पात्र, त्यांत शिरण्याची अरुंद वाट, आणि पात्र अमुक इतकें भरलें म्हणजे घडून येणारी एक ठळक खूण. पात्र मोठें केलें तर वेळ वाढतो, वाट रुंद केली तर वेळ घटतो. हा प्रयोग घरीं करण्यासारखा आहे. पत्र्याच्या लहान डबीच्या तळाला बारीक खिळ्यानें छिद्र पाडून ती बादलींत सोडावी व बुडण्याचा वेळ घड्याळानें मोजावा. मग तेंच छिद्र दुप्पट व्यासाचें करून पुन्हां मोजावा. वेळ निम्मा होईल असें बहुतेक मुलें सांगतात. तो प्रत्यक्षांत सुमारें चौथाई होतो, कारण व्यास दुप्पट झाला म्हणजे छिद्राचें क्षेत्रफळ चौपट होतें.

युरोपांतील अनेक मजली घरांत जिन्यावरच्या दिव्यासाठीं जीं बटणें बसविलीं गेलीं, त्यांतील एका जातींत पाण्याच्या जागीं हवा आहे. फ्रान्सांत जिन्यावरच्या अशा योजनेस 'मिन्युतरी' म्हणतात. शब्द मिनिटावरूनच निघालेला आहे. हवेच्या बटणाची रचना अशी असते. बाहेरून रुपयाएवढें किंवा त्याहून मोठें, चांगलें जाड बटण दिसतें. तें आंत लोटलें म्हणजे त्यामागचा दट्ट्या आंतील हवा एका झडपेवाटे बाहेर घालवितो, दिव्याची जोडणी पुरी होते, आणि एक स्प्रिंग दाबली जाते. बोट उचललें कीं स्प्रिंग दट्ट्यास परत बाहेर लोटूं पाहते. परंतु दट्ट्या मागें सरावयाचा तर त्यामागें हवा शिरली पाहिजे, आणि हवेस आंत येण्याची वाट सुईच्या अग्राएवढी ठेवलेली असते. त्यामुळें बटण मुंगीच्या पावलानें बाहेर येतें, आणि पुरतें बाहेर आलें म्हणजे जोडणी तुटते. एका लहान स्क्रूनें ही वाट कमीअधिक करतां येते. ह्यांत वीज मोजणारें असें कांहींच नाहीं. म्हणून हें बटण बिघडलें तर कारण डोळ्यांनीं दिसतें. धुळीनें छिद्र बुजलें तर दिवा मालवावयास फार वेळ लावतो. दट्ट्याभोंवतालचें रबर वाळून भेगाळलें तर हवा आडवाटेनें आंत येते व दिवा लवकर जातो. रेल्वेस्थानकावर किंवा एखाद्या दवाखान्यांत, डोकें दाबलें कीं पाणी येणारा व आपोआप बंद होणारा नळ तुम्हीं पाहिला असेल. तोहि ह्याच कुळांतला. तेथें पाणीच एका लहान वाटेनें मागल्या कोठडींत भरत जाऊन झडप मिटवितें.

दुसरी एक जात उष्णतेवर चालणारी आहे. पितळेची व लोखंडाची पट्टी पाठीला पाठ लावून पक्की जोडली व तापविली तर ती जोडपट्टी वांकते. पितळेची एक मीटर लांबीची सळई १०० अंश सेल्सिअसनें तापविली असतां सुमारें १·९ मिलिमीटर वाढते आणि लोखंडाची सुमारें १·२ मिलिमीटर. एकाच बंधनांत बांधलेल्या दोघांपैकीं एक अधिक वाढला म्हणजे वांकण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. इंग्लंडांतील सुतारपुत्र जॉन हॅरिसन यानें अठराव्या शतकांत आपल्या समुद्रावरील घड्याळासाठीं ह्या जोडपट्टीचा उपयोग केला. ट्यूबलाइटच्या जुन्या स्टार्टरमध्यें ती तुम्हांस आजहि सांपडेल. ह्या पट्टीनें विलंबाचें बटण करतां येतें खरें, पण एकदां तापलेली पट्टी निवेपर्यंत दुसरी पाळी नीट मोजली जात नाहीं, आणि वैशाखांतला विलंब व पौषांतला विलंब सारखा येत नाहीं. म्हणून जिन्यासाठीं आम्ही तिची शिफारस करीत नाहीं.

आतां विजेच्या पात्राकडे वळूं. जर्मनींत फॉन क्लाइस्ट यानें १७४५ सालीं आणि हॉलंडांतील लायडन येथें मुशेनब्रुक यानें १७४६ च्या आरंभीं, वीज कांचेच्या बरणींत सांठवितां येते हें दाखविलें. हीच पुढें लायडनची बरणी म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आजच्या प्रत्येक रेडिओंत व फोनांत असलेला कंडेन्सर हा तिचाच वंशज होय. कंडेन्सर म्हणजे वाटी. तिच्यांत किती वीज मावते हें 'फॅरड' या मापानें सांगतात. फॅरड हें माप फार मोठें असल्यामुळें व्यवहारांत त्याचा दशलक्षांश, म्हणजे मायक्रोफॅरड वापरतात. अरुंद वाटेचें काम रोध करतो, आणि वाट किती अरुंद हें 'ओहम' या मापानें सांगतात. आतां गंमत पाहा. ओहमांचा फॅरडांशीं गुणाकार केला म्हणजे उत्तर येतें तें सेकंदांत! दहा लक्ष ओहमांचा रोध व एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांचा गुणाकार १ सेकंद. रोध तोच ठेवून कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा घेतला तर १०० सेकंद. ज्या दोन मापांत काळाचें नांवहि नाहीं त्यांच्या गुणाकारांतून काळ निघावा, ही गोष्ट वर्गांत प्रथम सांगितली जाते तेव्हां हुशार मुलें क्षणभर संशयानें पाहतात, आणि त्यांनीं तसें पाहावें हेंच योग्य आहे. फॅरड म्हणजे दर व्होल्टामागें सांठणारी वीज. ओहम म्हणजे प्रवाहाच्या दर अँपिअरमागें लागणारे व्होल्ट. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे व्होल्ट छाटले जातात व 'दर अँपिअरमागें सांठणारी वीज' एवढें उरतें. आणि अँपिअर म्हणजे सेकंदास वाहणारी वीज असल्यामुळें शेवटीं शिल्लक राहतो तो सेकंद.

मात्र इतक्या सेकंदांत कंडेन्सर पुरता भरतो असें नव्हे. तो जसजसा भरत जातो तसतसा भरण्याचा वेग मंदावतो. एका टाकींतून नळीनें दुसरी टाकी भरतांना दोहोंची पातळी जवळ येऊं लागली म्हणजे धार बारीक होते, तसाच हा प्रकार. गुणाकारानें मिळालेल्या वेळांत तो शेंकडा ६३ इतका भरतो. रिकामा होतांनाहि तोच नियम. तेवढ्याच वेळांत शेंकडा ६३ विजेस वाट मिळते व शेंकडा ३७ शिल्लक राहते.

येथें एक चतुर विद्यार्थी विचारील कीं, मग कंडेन्सर भरून ठेवावा आणि बोट उचलल्यावर त्यांतल्याच विजेवर दिवा जळूं द्यावा. मध्यें आणखी कांहीं कशाला? हिशेब करून पाहूं. १००० मायक्रोफॅरडचा चांगला अंगठ्याएवढा कंडेन्सर १२ व्होल्टांपर्यंत भरला तर त्यांत ०·०७२ ज्यूल इतकी शक्ति सांठते. पांच वॅटचा एलईडी दिवा सेकंदास पांच ज्यूल खातो. तेव्हां हा दिवा जळेल सेकंदाचा सुमारें सत्तरावा भाग. डोळ्याची पापणी लवण्यापूर्वींच अंधार. सारांश, कंडेन्सर हा वेळ मोजणारा आहे, ओझें वाहणारा नव्हे. शाळेंत तास संपल्याची घंटा शिपाई देतो. त्यानें गणित शिकवावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्याप्रमाणें कंडेन्सरनें फक्त इशारा द्यावा व प्रवाह दुसऱ्या कोणी सांभाळावा, अशी वांटणी करावी लागते.

हा दुसरा कोणी म्हणजे रिले किंवा ट्रान्झिस्टर. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास असें दाखविलें कीं, दुरून आलेल्या क्षीण प्रवाहानें लहानसा विद्युच्चुंबक चेतवून त्याच्या ओढीनें दुसऱ्या बलवान प्रवाहाची जोडणी करतां येते. रिलेचें बीज तेंच. ट्रान्झिस्टर त्यामानानें आपल्या आजोबांच्या काळचा आहे. तो बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्यें बार्डीन व ब्रॅटन यांनीं सिद्ध केला, आणि त्याबद्दल त्या दोघांस शॉकली यांच्यासह १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें त्याच प्रयोगशाळेंत १९५९ सालीं अटाला व कांग यांनीं 'मॉस्फेट' नांवाचा जो प्रकार केला त्याचें वैशिष्ट्य असें कीं, त्याच्या दारापाशीं नुसता व्होल्टांचा दाब असला म्हणजे पुरे. तो दाराशीं जवळजवळ कांहींच वीज खात नाहीं. कंडेन्सरसारख्या गरीब नोकरास असाच धनी परवडतो.

ह्या कामासाठीं मुद्दाम तयार केलेली एक चिपहि मिळते, आणि प्रदर्शनांत मुलें बहुधा तिचाच उपयोग करतात. तिचें नांव ५५५. स्वित्झर्लंडांत जन्मलेले हान्स कामेनझिंड यांनीं १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील सिग्नेटिक्स कंपनीसाठीं ती रचली, आणि १९७२ पासून ती बाजारांत आहे. काळ्या किड्यासारखा देह व आठ पाय. आंत दोन पहारेकरी बसलेले असतात. एकाचें लक्ष पुरवठ्याच्या एक तृतीयांश पातळीवर, दुसऱ्याचें दोन तृतीयांशावर. बटण दाबलें म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पायावरील दाब एक तृतीयांशाखालीं येतो, पहिला पहारेकरी दिवा लावितो आणि कंडेन्सर भरूं लागतो. तो दोन तृतीयांश भरला कीं दुसरा पहारेकरी दिवा मालवून कंडेन्सर रिता करून टाकतो. लागणारा वेळ ओहम व फॅरड यांच्या गुणाकाराच्या १·१ पट. ३ लक्ष ३० हजार ओहम व २२० मायक्रोफॅरड घेतले तर सुमारें ८० सेकंद. बॅटरी थोडी उतरली तरी हा वेळ बदलत नाहीं, कारण भरणारा दाब व पाहावयाची खूण हीं दोन्ही एकाच पुरवठ्यावर अवलंबून असल्यामुळें एकाच प्रमाणांत उतरतात. ही युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते.

असें असूनहि जिन्यासाठीं ५५५ ची नेहमींची जोडणी घेऊं नये असें आमचें मत आहे, आणि त्याचें कारण सांगण्यासाठींच आम्हीं हा लेख हातीं घेतला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजी मुंबईस लेकीकडे गेल्या होत्या. इमारतीस लिफ्ट होती, पण त्या दिवशीं ती बंद. संध्याकाळीं खालून परततांना त्यांनीं तळमजल्यावरचें बटण दाबलें व जिना चढूं लागल्या. पहिल्या मजल्यावर दम खाण्यास थांबल्या. दिवा अजून होता, तरी सावधपणें तेथलेंहि बटण त्यांनीं दाबलें. दोनचार पायऱ्या चढल्या न चढल्या तोंच दिवा गेला. अंधारांत पायरीचा अंदाज चुकला, आणि उजव्या हाताचें मनगट मोडलें. घरच्यांनीं म्हटलें, आजीनें बटण नीट दाबलें नसेल. आजी म्हणत राहिल्या, 'मीं दाबलें होतें.' नातवानें शाळेंत येऊन विचारलें कीं, आजी म्हणते तें खरें असूं शकेल काय?

तें खरें असूं शकतें. ५५५ च्या साध्या जोडणींत एकदां मोजणी सुरू झाली कीं ती पुरी होईपर्यंत दुसऱ्यांदा बटण दाबण्याचा कांहींहि परिणाम होत नाहीं. पहिल्या दाबण्यापासून ठरलेले सेकंद संपले कीं दिवा जाणारच. मधल्या मजल्यावर कोणी कितीहि वेळां बटण दाबो. त्या इमारतींत कोणती जोडणी होती हें आम्हीं उघडून पाहिलेलें नाहीं, परंतु आजींनीं सांगितलेला प्रकार ह्या जोडणीशीं तंतोतंत जुळतो. उलट हवेच्या जुन्या बटणांत हा दोष मुळींच नाहीं. दट्ट्या अर्धा बाहेर आलेला असतां पुन्हां लोटला तर पुन्हां पहिल्यापासून मोजणी होते. तेव्हां विलंबाचें बटण घेतांना दुकानदारास दुसरा प्रश्न हा विचारावा कीं, दिवा चालू असतां पुन्हां दाबल्यास वेळ नव्यानें मोजला जातो काय? त्यास उत्तर ठाऊक नसेल तर दुकानांतच जोडून, मध्येंच दाबून पाहावें.

हा गुण असलेली अगदीं सोपी जोडणी मुलांस करतां येते. १२ व्होल्टांची बॅटरी, २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ३ लक्ष ३० हजार ओहमांचा रोध, एक मॉस्फेट आणि १२ व्होल्टांवर चालणारा लहान एलईडी दिवा, एवढेंच सामान. बटण दाबलें म्हणजे बॅटरीनें कंडेन्सर एकदम भरावा. ठिणगी पडूं नये म्हणून मध्यें १०० ओहमांचा लहान रोध ठेवावा. बोट उचललें कीं कंडेन्सर मोठ्या रोधावाटे हळूहळू रिता होऊं लागतो, आणि त्याचा दाब मॉस्फेटच्या दारास पुरेसा असेतोंपर्यंत दिवा जळतो. येथें घटिकापात्र उलटें झालें आहे. भरणें क्षणांत, रितें होणें सावकाश. मध्येंच कोणी बटण दाबलें कीं पात्र पुन्हां कांठोकांठ. प्रत्येक मजल्यावर एक बटण लावून सर्व बटणांच्या तारा एकत्र आणल्या तरी चालतें.

वेळ किती येईल? मॉस्फेट ३ व्होल्टांशीं सोडतो असें धरलें तर १२ चे ३ होण्यास, म्हणजे चौथाई उरण्यास, सुमारें १०० सेकंद लागतात. परंतु ह्या जातीचे सर्व मॉस्फेट ठीक ३ व्होल्टांशीं सोडीत नाहींत. एक ४ शीं सोडतो, दुसरा २ पर्यंत धरून ठेवतो, आणि त्यामुळें विलंब ८० पासून १३० सेकंदांपर्यंत कोठेंहि येऊं शकतो. कंडेन्सरवर छापलेला आंकडाहि शेंकडा २० नें चुकलेला असूं शकतो. म्हणून कागदावरचा हिशेब हा आरंभ समजावा व प्रत्येक जोडणी घड्याळ लावून तपासावी. ५५५ च्या मानानें हा उणेपणा खरा. पण याच जोडणीचा एक आणखी गुण असा कीं, शेवटचे कांहीं सेकंद दिवा मंद होत होत जातो. चढणाऱ्यास आगाऊ सूचना मिळते, आणि मंद उजेडांतच त्याला कठड्यास हात घालून पुढचें बटण गांठतां येतें.

किती सेकंद ठेवावे हा प्रश्न मात्र कंडेन्सर सोडवीत नाहीं. आमच्या बोर्डिंगाच्या जिन्यास २४ पायऱ्या व मध्यें एक वळण आहे. विद्यार्थ्यांनीं घड्याळ घेऊन तेथें एक आठवडा टिपण केलें. नववींतला एक मुलगा धांवत ७ सेकंदांत वर गेला. शिक्षकांस सरासरी १६ लागले. पाण्याची घागर घेऊन चढणाऱ्या सैंपाकीण मावशींस ३८. आणि काठी टेकीत येणाऱ्या, निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंस ५५. मुलांनीं प्रथम ह्या सर्वांची सरासरी काढली व ती २९ आली म्हणून ३० सेकंदांचें बटण करावें असें सुचविलें. अंकगणित बरोबर होतें. पण त्या दिव्याची ज्यांना खरी गरज, त्या दोघीहि सरासरीच्या पलीकडे अंधारांत राहिल्या असत्या. मग मोजमाप मेट्रनबाईंच्या ५५ सेकंदांवरून धरलें, आणि वर दिलेले आंकडे त्यावरूनच ठरविले आहेत. मॉस्फेट लवकर सोडणारा निघाला आणि त्याबरोबर कंडेन्सरहि शेंकडा २० नें कमी भरला, तरी ६० सेकंदांहून अधिक उजेड मिळतो.

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, एवढा खटाटोप करून बचत ती किती? प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर आतां पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. ६० वॅटचा जुना बल्ब रोज १० तास जळत राहिला तर महिन्यास १८ युनिटें जात. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी तसाच जळला तर २·७ युनिटें. एका दिव्यासाठीं बटणाची बचत आतां थोडी आहे, आणि ती मोठी करून सांगण्यांत अर्थ नाहीं. जेथें पुष्कळ मजले व पुष्कळ दिवे आहेत, किंवा जेथें दिवे सौर बॅटरीवर चालतात व रात्रीची शिदोरी मोजकी असते, तेथें मात्र तें बटण आपली किंमत वसूल करतें. मनुष्याची चाहूल लागून आपोआप लागणारे दिवेहि आतां सर्वत्र मिळतात, आणि ज्यांचे हात सामानानें गुंतलेले असतात त्यांस ते सोयीचे पडतात. तथापि पायरीवर दम खाण्यास स्तब्ध बसलेल्या माणसाची त्यांना पुष्कळदां चाहूल लागत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां एक ताकीद. वर सांगितलेलें सर्व काम १२ व्होल्टांच्या बॅटरीवर करावयाचें आहे. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची असते. तिच्याशीं विद्यार्थ्यांनीं हातमिळवणी करूं नये. घरच्या जिन्यासाठीं बंद पेटींतलें तयार यंत्र घ्यावें, त्यावर किती व्होल्ट व किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें, आणि तें परवानाधारक वायरमनाकडून बसवून घ्यावें. बॅटरीच्या जोडणींतहि कंडेन्सरची धन व ऋण बाजू उलट लावूं नये. ह्या जातीचा कंडेन्सर उलटा जोडला तर तापून फुटतो. आणि कोणत्याहि जुन्या विजेच्या यंत्रांतील मोठ्या कंडेन्सरास, यंत्र बंद आहे एवढ्याच विश्वासावर, बोट लावूं नये. थांबणें हा त्याचा धर्मच आहे. पुरवठा तोडल्यावरहि तो भरलेला असूं शकतो.

बोर्डिंगाच्या जिन्यावर सध्यां दोन दिवे आहेत. एक बटणाचा. दुसरा, वळणाच्या पायरीशेजारीं घोट्याइतक्या उंचीवर, अर्ध्या वॅटचा. तो रात्रंदिवस जळतो. मुलांनीं त्याचा महिन्याचा खर्च काढला, तो ०·३६ युनिट आला. घरीं वृद्ध माणसें असतील त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या जिन्याच्या पायऱ्या व त्या माणसांस चढण्यास लागणारे सेकंद दोन निरनिराळ्या दिवशीं मोजून, दिवाळीच्या सुटीनंतर ते आंकडे प्रयोगशाळेंतील वहींत लिहावेत. गुडघे दुखत असतील त्या दिवसाचा आंकडा त्यांत अवश्य असावा.